तीन राजांच्या रविवारी वाचलेल्या तारखा फाटकाबाहेर जाऊ द्या

बेळगाव, खानापूर आणि आसपासच्या सीमाभागातील कॅथॉलिक धर्मग्रामांच्या पास्टोरल कौन्सिलना (सल्लागार मंडळांना) खुले पत्र

बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

चर्चच्या फाटकाच्या आत आपले सगळे वेळेवर चालते. मिस्सेची, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेची, वेळ चुकत नाही, गायनमंडळ सरावाला येते, नोव्हेनाच्या नऊ दिवसांचे यजमान महिनाभर आधी ठरलेले असतात. फाटकाबाहेर पाऊल पडले की मात्र आपण उशिरा जागे होतो. मिरवणुकीचा अर्ज पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी पोहोचतो. मुलगा गैरहजर राहिल्यावर शाळेला चिठ्ठी जाते. दफनभूमीबद्दल पंचायतीशी पहिले बोलणे होते ते दारात शवपेटी ठेवलेली असताना. मग आपणच म्हणतो, आपल्या श्रद्धेला गावात जागा नाही. जागा नाकारली जाते असेही प्रसंग घडतात, ते आम्ही झाकत नाही. पण अनेकदा जागा मागितलेलीच नसते. मागितली तर उशिरा, अर्धवट माहितीनिशी आणि समोरच्या माणसाला वाचता न येणाऱ्या भाषेत.

यावर उपाय चर्चच्याच जुन्या परंपरेत आहे. छापील कॅलेंडरे घरोघरी नव्हती तेव्हा तीन राजांच्या सणाला (ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या भेटीला आले तो सण), शुभवर्तमान वाचून झाल्यावर, त्या वर्षाच्या बदलत्या सणांच्या तारखा वेदीजवळून मोठ्याने जाहीर केल्या जात. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार कधी, ईस्टर कधी, पवित्र आत्मा उतरल्याचा पेंटेकॉस्ट कधी, नाताळच्या तयारीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार कधी. ही घोषणा आजही करता येते, काही ठिकाणी ती होतेही. आमचे मागणे एवढेच आहे की प्रत्येक धर्मग्रामात ती व्हावी, आणि तोच कागद त्याच आठवड्यात पंचायत, पोलीस ठाणे, शाळा, दवाखाने आणि कारखान्यांपर्यंत पोहोचावा.

२०२७ मध्ये तीन राजांचा रविवार ३ जानेवारीला आहे. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, पवित्र गुरुवार २५ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च, पेंटेकॉस्ट १६ मे, ख्रिस्तशरीराचा सण ३० मे आणि आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबर. एवढ्या तारखा एका पानावर मावतात. पण नुसत्या तारखांवर भागणार नाही. त्या दिवशी आपण काय करतो, समोरच्याकडून काय हवे आणि काय नको, हेही प्रत्येक तारखेपुढे दोन ओळींत लिहिले पाहिजे.

तारखा दरवर्षी का सरकतात, हा प्रश्न शेजारी हमखास विचारतात आणि आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येत नाही. मराठी माणसाला ते समजावणे खरे तर सगळ्यात सोपे, कारण तो पौर्णिमा जाणतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची; तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या बाहेर कधी जात नाही. चर्च ही पौर्णिमा ठरलेल्या कोष्टकावरून काढते, पंचांगावरून नाही, त्यामुळे कधीकधी फरक पडतो. तरी बहुतेक वर्षी ईस्टरच्या मागे चैत्री पौर्णिमा असते. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला. २०२६ मध्ये पुन्हा तसेच, २ आणि ३ एप्रिल. ईस्टर लवकर आला की होळीची पौर्णिमा गाठ घालते. २०२४ मध्ये तसे झाले, आणि २०२७ मध्ये होळी पौर्णिमा २२ मार्चला, पवित्र सप्ताहातल्या सोमवारी आहे. धुळवड, रंगपंचमी आणि क्रुसाची वाट (येशूच्या मरणाच्या वाटेवरची चौदा स्थानांची प्रार्थना) असे सगळे त्याच आठवड्यात रस्त्यावर येणार. हे जानेवारीतच माहीत असेल तर मार्ग आणि वेळ शांतपणे ठरवता येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळले तर ठाण्यात बसून वाद होतात, आणि दोष कोणाचाच नसतो.

राखेच्या बुधवारपासून सुरुवात करू. तो सुट्टीचा दिवस नाही. मुले सकाळच्या मिस्सेहून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन थेट शाळेत जातात. भस्माची ओळख असलेल्या आपल्या भागात शिक्षकांना त्याचे नवल वाटत नाही. गणवेशाचा नियम काटेकोर पाळणाऱ्या शाळेला मात्र आधी सांगावे लागते. कागदावर लिहा: कपाळावरची राख पुसायला लावू नये. मुलांनाही सांगा की घामाने ती पुसली गेली तर काही बिघडत नाही.

ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्यांची असते. ती करण्यात दोन चुका नेहमी होतात. झावळ्या उघड्यावर पूर्ण जाळल्या की राख पांढुरकी होते आणि कपाळावर दिसत नाही. लोखंडी कढईत पेटवून ज्वाळा बसू लागली की वर झाकण ठेवा. हवा तुटली की पान कोळसते आणि राख काळी उतरते. रात्रभर पूर्ण निवू द्या, मग खलून मलमलीच्या कापडातून गाळा. दुसरी चूक जास्त वाईट आहे. राख चिकटावी म्हणून तिच्यात पाणी कालवून ठेवतात. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो, जुन्या काळी राखेच्या पाण्याने भांडी-कपडे निघत ते त्यामुळेच. असा गोळा तासन्‌तास ठेवून लहान मुलाच्या कपाळाला लावला तर कातडी भाजते. राख कोरडीच लावा.

झावळ्यांबद्दलही थोडे. नारळाच्या एका मोठ्या झावळीला साधारण दोनशे ते अडीचशे पाती असतात, म्हणजे पाचशे माणसांच्या धर्मग्रामाला तीन झावळ्या पुरतात. कोवळी पांढरी पात विणायला छान दिसते म्हणून शेंड्यातला न उमललेला कोंब कापण्याची पद्धत पडत आहे. त्याने झाडाची वाढच दुखावते. खालच्या, पिकत आलेल्या हिरव्या झावळ्या घ्या, आणि ज्याच्या परड्यातले झाड आहे त्याला आधी विचारा.

उपवास हा शेजारधर्मातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे उपवास म्हटले की साबुदाणा, वरी, शेंगदाणे डोळ्यांपुढे येतात. एकादशीच्या उपवासाचा नियम काय खायचे याचा असतो, आपल्या उपवासाचा नियम किती खायचे याचा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होऊ नये. हा नियम १८ व्या वर्षापासून साठाव्या वर्षाला सुरुवात होईपर्यंत लागू असतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम वेगळा, तो १४ व्या वर्षापासून पुढे सगळ्यांना, आणि राखेच्या बुधवारी व उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालते. पाण्याने उपवास मोडत नाही. आजारी माणूस, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई यांना हे बंधन नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत भट्टीपाशी उभा राहणारा किंवा उसाच्या फडात कोयता चालवणारा कामगार यालाही अंगमेहनतीमुळे परंपरेने मोकळीक आहे. शंका असेल तर त्याने धर्मगुरूंना विचारावे. उपाशीपोटी भट्टीसमोर चक्कर येऊन पडणे हे प्रायश्चित्त नव्हे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगण्याची गरज आहे.

कारखान्यांच्या सुट्टीचे गणित सरकारी कचेरीपेक्षा निराळे असते. सरकारी यादीत गुड फ्रायडे असतो म्हणून खाजगी कारखान्यातही ती सुट्टी असणारच, असे कामगार धरून चालतात. कर्नाटकात १९६३ चा राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा कायदा आहे. त्यात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे ठरलेले दिवस सोडले तर सणांच्या थोड्याशा सुट्ट्या मालक आणि कामगार यांच्या विचाराने निवडल्या जातात. ही निवड नव्या वर्षाच्या आधी होते. म्हणून कारखान्यासाठीचा कागद जानेवारीत देऊन उपयोग नाही, तो नोव्हेंबरात जायला हवा. एकदा यादी फलकावर लागली की साहेबाच्या मनात असले तरी त्याला ती बदलणे जड जाते. सरकारी नोकरांनी मर्यादित सुट्ट्यांची यादी काढून पाहावी. आपल्या सणांचे काही दिवस तिच्यात असतात आणि अर्ज न केल्यामुळे ते फुकट जातात.

आता गुड फ्रायडे. त्या दिवशी मिस्सा होत नाही. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी ग्लोरिया या स्तुतिगीताला वाजलेली घंटा नंतर गप्प होते आणि शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियालाच पुन्हा वाजते. मधल्या वेळात लाकडी फळीवर ठोके देतात. घंटेच्या आवाजावर वेळ ओळखणारी शेजारची माणसे या दोन दिवसांत विचारतात, त्यांना कारण सांगा. रस्त्यांवर ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ असे फलक लागतात. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि आपण एक तर हसतो किंवा मनात दुखावतो. सांगत मात्र कोणी नाही. कागदावर त्या तारखेपुढे लिहा: हा येशूच्या मरणाचा दिवस आहे, शांतता हवी आहे, शुभेच्छा २८ मार्चला ईस्टरला द्याव्यात. फलक लावणाऱ्याला हे महिनाभर आधी समजले तर तो आनंदाने तारीख बदलेल.

रस्त्यावरच्या क्रुसाच्या वाटेचा हिशेब नीट करा. चौदा स्थाने, प्रत्येक ठिकाणी वाचन, मौन आणि प्रार्थना धरून तीन मिनिटे, म्हणजे ४२ मिनिटे. दीड किलोमीटरचे अंतर म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असताना अर्ध्या तासाच्या आत संपत नाही. सुरुवात-शेवट धरून सव्वा तास ते दीड तास. अर्जात मात्र पाऊण तास लिहिला जातो, मग शेवटची चार स्थाने धावत उरकावी लागतात, मागची रांग तुटते आणि वाहतूक पोलीस वैतागतो. अर्जात खरी वेळ लिहा. वाट सकाळी सातला सुरू करून साडेआठपर्यंत संपवा. मार्चअखेरीस त्यानंतरचे ऊन उपवास करणाऱ्यांना सोसत नाही, आणि तीन वाजताच्या विधीपर्यंत लोकांना विसावाही मिळतो. दुपारी वाट काढायचीच असेल तर एक गोष्ट विसरू नका. गुड फ्रायडेला नेहमीच शुक्रवार असतो, म्हणजे जुम्म्याची नमाजही असते. साडेबारा ते अडीच या वेळात मशिदीजवळचा रस्ता टाळा. कोणत्याही मंदिरासमोर किंवा मशिदीसमोर स्थान ठरवू नका. तिथून गीत म्हणत पुढे चला, थांबू नका.

अर्जात सुरुवातीची आणि शेवटची जागा, रस्त्यांची नावे क्रमाने, वेळ, अंदाजे माणसे, स्वयंसेवकांची संख्या आणि दोन जबाबदार माणसांचे फोन नंबर हवेत. पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लेखी घ्यावी लागते, मिरवणुकीच्या परवानगीत ती आपोआप येत नाही. ऐनवेळी गाडी अडते ती बहुतेक इथेच.

ध्वनिक्षेपकाचा नियम वर्षभर कामाला येतो, म्हणून तो पाठच असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात, आतल्या माणसांपुरता, चालतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस निवडून त्या दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकते. आपला सण त्या दिवसांत आहे का, ते त्या वर्षी विचारून घ्यायचे, गृहीत धरायचे नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र मानले जाते, आणि आपली कित्येक चर्चेस आपल्याच शाळा-दवाखान्यांच्या कुशीत आहेत. त्यामुळे नाताळची मिस्सा मैदानात घ्यायची असेल तर साडेसातला सुरू करा. मध्यरात्रीची हवी असेल तर चर्चच्या आत, दारे लावून.

ईस्टरच्या जागरणाला दोन्ही बाजूंनी बांध आहे. चर्चचा नियम सांगतो की अंधार पडल्याशिवाय ते सुरू करायचे नाही. बेळगावात मार्चअखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, नीट अंधार व्हायला साडेसात होतात. दुसरीकडे, बाहेर ध्वनिक्षेपक लावला तर, दहाची मर्यादा. हाती राहतात अडीच तास. नवा अग्नी आणि पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती, जुन्या करारातली सात वाचने, मग पत्र आणि शुभवर्तमान, पाण्याचा आशीर्वाद, मिस्सा. हे सगळे त्यात बसते, गाण्यांची कडवी मोजून घेतली तर. वेळ कमी असेल तर जुन्या करारातली वाचने तीनपर्यंत कमी करता येतात, पण समुद्र दुभंगल्याचे निर्गमातले वाचन कधीही गाळता येत नाही. संध्याकाळी साडेपाचला, लख्ख उजेडात, जागरण उरकण्याची सवय काही ठिकाणी लागू पाहत आहे. तिथे त्या मेणबत्तीला काही अर्थच राहत नाही. कृपा करून ती थांबवा.

फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सरपंच, नगरसेवक, आमदार, शेजारच्या मंडळांचे कार्यकर्ते येतात. ख्रिस्तशरीर (वेदीवर अर्पण केलेली भाकर) वाटण्याच्या वेळी ते मोठ्या आदराने रांगेत उभे राहतात, कारण त्यांच्या मनात तो प्रसाद असतो. ऐनवेळी कोणीतरी त्यांना बाजूला करतो. प्रसाद नाकारणे हा आपल्या मुलखात फार मोठा अपमान आहे, आणि तो माणूस तो सल वर्षानुवर्षे विसरत नाही. चूक त्याची मुळीच नसते. मिस्सा सुरू होण्यापूर्वी मराठीत आणि कन्नडमध्ये सांगा की स्नानसंस्कार घेऊन तयारी केलेले कॅथॉलिकच ख्रिस्तशरीर घेतात, पाहुण्यांनी त्या वेळी जागेवर बसून आपल्या मनातली प्रार्थना करावी, आणि मिस्सेनंतर सर्वांना आशीर्वादित पाव मिळेल. तो पाव खरोखर द्या. संत अंतोनच्या नावाने आशीर्वादित पाव वाटण्याची प्रथा कॅथॉलिक जगात जुनीच आहे, १३ जूनला तर पुष्कळ ठिकाणी वाटतात. जात, धर्म न विचारता हाती देता येईल असे काहीतरी आपल्याकडे आहे, ते वापरले पाहिजे.

याच जोडीला १९६९ साली भारतातल्या उपासनेसाठी रोमहून मंजूर झालेले बारा मुद्दे आठवून पाहा. पादत्राणे बाहेर काढणे, अंजली जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, तेलाचे दिवे, उदबत्ती, वेदीवरच्या कापडाच्या जागी ताट, आरतीने स्वागत, हे सगळे त्यात आहे. समई लावली की ‘हे आपले नव्हे’ असे म्हणणारे आपल्यातच भेटतात. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली झाला, त्याआधी हा भाग गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली होता. फेस्त, लादीन (संतांची स्तुतिप्रार्थना), सिमेत्री (दफनभूमी) हे शब्द त्या काळाची ठेव आहेत आणि ते आपल्याला प्रिय आहेत. पण दाराशी आलेल्या शेजाऱ्याला आरतीचे ताट कळते. जे त्याला कळते आणि चर्चला मान्य आहे, ते लपवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

दवाखान्यांबद्दल दोनच गोष्टी, पण निकडीच्या. रुग्णाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराला, धर्मगुरूंना बोलावले तर माणूस घाबरेल, म्हणून घरचे थांबतात, आणि प्राण गेल्यावर फोन करतात. हा संस्कार जिवंत माणसासाठी आहे. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, उतारवयातला अशक्तपणा यांत तो घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. अतिदक्षता विभागाला कळवा की कपाळाला आणि हातांना थेंबभर तेल लावायचे असते, पाच मिनिटे पुरतात, नळ्यांना हात लागत नाही. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवू नका. घरी आजारी माणसाला ऑक्सिजन लावलेला असेल तर तिथेही नाही. पांढरे कापड, क्रूस आणि कापूस एवढे पुरे.

नावांचा घोळ हे सीमाभागाचे खास दुखणे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, रेशनकार्डावर आणि जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये. एकच आडनाव तीन लिप्यांतून फिरून आधारवर येते तेव्हा चौथेच झालेले असते. लग्नाच्या वेळी, वारसा लावताना, पासपोर्ट काढताना माणूस हेलपाटे घालतो. नोंदवहीतले नाव नंतर कोणी खोडून बदलू शकत नाही, म्हणून काळजी पहिल्या दिवशीच घ्यायची. स्नानसंस्काराच्या अर्जावर मुलाचे, आईचे आणि वडिलांचे नाव तिन्ही लिप्यांत लिहून घ्या आणि जन्मदाखल्याची प्रत सोबत लावा. संताचे नाव आणि घरातले हाक मारायचे नाव वेगळे असेल तर दाखल्यावर कोणते गेले आहे ते तपासा. मृत्यूचेही तसेच. चर्चच्या दफन-नोंदवहीतली नोंद म्हणजे सरकारी मृत्युनोंद नव्हे. मृत्यू घरी झाला तर २१ दिवसांच्या आत पंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करावी लागते; राहिली तर विलंब शुल्क, वर्षानंतर त्याहून मोठा व्याप, आणि तोवर पेन्शन, विमा, उतारा सगळे अडून राहते. मिस्सेनंतरच्या सूचनांत वर्षातून चार वेळा हे वाचा. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. धर्म आणि मातृभाषा हे दोन वेगळे प्रश्न असतात. कॅथॉलिक आहे म्हणून मातृभाषा कोकणी किंवा इंग्रजी असणार, असे प्रगणकाने स्वतःच धरू नये, यासाठी घरातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत असावे. ज्याची मराठी आहे त्याने मराठी सांगावे, ज्याची कन्नड त्याने कन्नड.

शेवटचा विषय नोव्हेंबरचा. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ ला मृतांचा दिवस. त्याच १ तारखेला बेळगावात राज्योत्सवाची (कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनाची) मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते आणि मराठी भाषक, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ, काळा दिवस पाळून सायकल फेरी काढतात. रस्ते बंद, बंदोबस्त चौकाचौकात. आणि नेमके त्याच संध्याकाळी आपण सगळे फुले-मेणबत्त्या घेऊन सिमेत्रीकडे निघतो. त्या दिवशी कोण कुठल्या बाजूने आहे, ते इथे आम्ही काढत नाही. आपल्या धर्मग्रामांत दोन्ही भाषांची माणसे एकाच बाकावर बसतात. आमचे म्हणणे एवढेच की या गर्दीची गरजच नाही. १ ते ८ नोव्हेंबर या आठही दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर-ग्रहण आणि पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना यांसह, त्यांच्यासाठी पूर्ण दंडविमोचन (पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) मिळते. वाड्यांप्रमाणे दिवस वाटून द्या. साफसफाई ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उरका.

पाऊस संपून वाळू लागलेल्या गवतात मेणबत्त्या लावल्या की वणवा लागतो, म्हणून थडग्यापाशी वाळू भरलेले ताट ठेवा. पूर्वेकडच्या काळ्या मातीत नव्या थडग्यावर लगेच बांधकाम करू नका. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि फरशी तडकते. निदान एक पावसाळा जाऊ द्या. खानापूरकडे उलटे आहे. जांभ्या दगडात खड्डा खणायला अर्धा दिवस जातो आणि जुलैत तो पाण्याने भरतो. अंत्यविधीची वेळ सांगण्याआधी खणणाऱ्याला विचारा, आणि पाणी उपसायचा पंप धर्मग्रामाच्या मालकीचा ठेवा.

जमिनीचा उतारा आजच काढून पाहा. कितीतरी दफनभूमी कोणा जमीनदाराने तोंडी दिलेल्या आहेत आणि मालकाच्या रकान्यात अजून त्याच्याच नातवंडांची नावे आहेत. देणाऱ्याच्या घरचे संबंध चांगले आहेत तोवर हे काम होते. रस्ता रुंदीकरणाची खूण पडल्यावर होत नाही.

आता तो कागद. एकच पान, पुढे कन्नड, मागे मराठी. मराठीत व्यवहार मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण ठाण्यातल्या हवालदाराला समोर आलेला मजकूर वाचता आला पाहिजे, म्हणून कन्नड पुढे. कन्नड माध्यमात शिकलेली मुले प्रत्येक धर्मग्रामात आहेत, हे काम त्यांच्याकडे द्या आणि छापण्यापूर्वी कन्नडच्या शिक्षकाकडून तपासून घ्या. चर्चचा शिक्का, प्रमुख धर्मगुरूंची आणि कौन्सिलच्या सचिवांची सही. एक प्रत पंचायतीला किंवा नगरपालिकेला, एक पोलीस ठाण्याला, एक प्रत्येक शाळेला, एक प्रत्येक दवाखान्याला, एक वीज कार्यालयाला, कारण जागरणाच्या रात्री साडेसात ते दहा वीज गेली की काय होते ते आपण जाणतो. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती फाईल चर्चच्या कपाटात ठेवा, कोणाच्या घरी नको. सचिव बदलला की घरची फाईल सापडत नाही.

३ जानेवारीच्या रविवारी वेदीजवळून तारखा वाचल्या जाव्यात आणि १५ जानेवारीच्या आत पोचपावत्या कपाटात असाव्यात. कौन्सिलच्या डिसेंबरच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, ही विनंती.

आपले,
बेळगाव सीमाभागातील काही कॅथॉलिक प्रापंचिक